सून पाय धुते, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं

नाशिकरोडच्या एका निवृत्त नर्सबाईंचं पत्र आलं आहे. वय 68. उभा जन्म रुग्णसेवेत गेला, चर्चच्या मंडळीतल्या महिला मंडळाचं कामही त्यांनी बरीच वर्षं पाहिलं. पावसाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. मुलगा सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, पाय धुणं, नखं काढणं, सगळं सून करते. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

‘‘लग्नाच्या वेळी मी तिला मनापासून स्वीकारलं नव्हतं. आणि आज तीच करते. तोंडातून ब्र काढत नाही. मीच खेकसते, पाणी असं का, टॉवेल तसा का. ती खाली बसून माझे पाय धुते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा रात्री कुणाला न उठवता एकटीच उठले, वॉकरही घेतला नाही, भिंतीला धरून संडासापर्यंत गेले. पडता पडता वाचले. सून रडली. रोज रात्री एकच मागते, प्रभू, मला कुणाचं ओझं करू नकोस, त्यापेक्षा घेऊन जा. मी फक्त देवावर अवलंबून राहीन, माणसांवर नको. मंडळातल्या बायका भेटायला येतो म्हणतात, पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देतो म्हणतात, मी सगळ्यांना नको म्हणते. या अवस्थेत मला कुणी बघू नये. नम्रतेवर मी कितीदा बोलले असेन. ती कुठं गेली? माझी प्रार्थना चुकते आहे का?’’

प्रिय ताई, सलाम.

तुम्ही मागता ते मागणं आपल्याकडं घराघरांत आहे. हातपाय धड असताना न्यावं, कुणाच्या हाताखाली जायची वेळ येऊ नये, अंथरुणाला खिळवू नये. ख्रिस्ती असो, हिंदू असो, पन्नाशी उलटली की माणूस हे पुटपुटायला लागतो. त्यात पाप नाही. पोरांवरच्या मायेतूनच ते येतं, त्यांची फरफट होऊ नये असं वाटतं. म्हणून ‘तुमची प्रार्थना चुकते’ असं मी सरळ म्हणणार नाही. पण त्या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात.

आधी दुसरी बघू, ‘घेऊन जा’. ती तुम्ही दमून म्हणता की खरोखरच जगणं नको झालं आहे, हे तुमचं तुम्हालाच तपासावं लागेल. झोप लागते का? जेवण जातं का? सकाळी उठल्यावर दिवस अंगावर येतो का? मोठं हाड मोडून घरात अडकलेल्या माणसाला नैराश्य गाठतं, हे तुम्ही वॉर्डात डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते आजारपण आहे, विश्वासाची कमतरता नव्हे. जनावरांचा नि माणसांचा जीव घेणारा दुष्काळ पाडणारा, अग्नी उतरवणारा बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवानं त्याला रागावून उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तेव्हा पुढच्या तपासणीला जाल त्या वेळी डॉक्टरांना हाडाबरोबर हेही सांगा. एखाद्या रात्री फारच काळोख वाटला तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 हा नंबर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन उशाशी ठेवा.

आता पहिली मागणी, ‘ओझं करू नकोस’.

शेवटच्या भोजनाच्या रात्रीची गोष्ट तुम्ही मंडळात सांगितली असेलच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. प्रभू जेवणावरून उठला, बाह्यवस्त्र काढलं, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. त्यावर आपण दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी ऐकतो आणि घरी जाताना एकच गोष्ट घेऊन जातो, की आपणही दुसऱ्यांचे पाय धुवावेत. ते बरोबरच आहे, प्रभूनं स्वतः तसं सांगितलं. पण त्या खोलीत झालेली झटापट पाय धुण्यावरून नव्हती, धुवून घेण्यावरून होती. शिष्यांतला पेत्र अडून बसला. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, म्हणाला. वरवर पाहिलं तर केवढा नम्र! गुरूनं माझ्या पायाला हात लावावा अशी माझी पात्रता नाही, असंच ना? आणि त्यावर प्रभूचं उत्तर फार कडक आहे. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

पेत्राला जे जड गेलं तेच तुम्हाला जड जातं आहे.

माझं स्पष्ट मत सांगते. आपल्या मंडळ्यांमधून नम्रता शिकवली जाते ती बहुतेक वेळा सेवा करणाऱ्याची. सतरंज्या उचला, भांडी घासा, आजाऱ्यांकडं जा, देणगी द्या आणि नाव सांगू नका. हे सगळं चांगलं आहे. पण देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. कितीही वाकून दिलं तरी देणारा तो देणाराच. ज्याला आयुष्यभर फक्त देणंच माहीत आहे, त्याच्या नम्रतेची खरी परीक्षा झालेलीच नसते. ती होते हात खाली येतो तेव्हा. तुम्ही विचारता, नम्रता कुठं गेली. मला वाटतं, ती कुठं गेलेली नाही. तिचा अवघड धडा आता कुठं सुरू झाला आहे आणि तो महिला मंडळात कुणी तुम्हाला शिकवला नव्हता.

खरं तर हा धडा पलीकडच्या बाजूनं तुम्हाला तोंडपाठ आहे. पडदा ओढून एखाद्या आजोबांना स्पंज द्यायला गेल्यावर ते चादर घट्ट धरून ठेवायचे. बेडपॅन नको म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका असायच्या. त्यांना काय सांगायचात? ‘लाजू नका, आमचं कामच आहे हे.’ आणि मग एका कुशीवर वळवून, अर्धं अंग झाकून, अर्धं पुसून, पाठीला पावडर लावून, चादर ताणून मोकळ्या व्हायचात. त्या आजोबांची किंमत तुमच्या लेखी कमी झाली का? झाली असती तर 68 व्या वर्षी तुम्ही असं पत्र लिहायला बसला नसता. उलट जो पेशंट अंग सैल सोडायचा, ‘बरं, कर बाई’ म्हणायचा, त्याचं करताना तुमचाही हात हलका व्हायचा. जो अंग आखडून घ्यायचा त्याला दुखायचंही जास्त आणि तुमची पाठही भरून यायची. सुनेच्या बाजूनं आज हेच चाललं आहे.

पेत्राबद्दल आणखी एक. त्याच योहानाच्या शेवटच्या अध्यायात, समुद्राकाठी मासळी-भाकरीची न्याहारी झाल्यावर, प्रभू त्याला म्हणतो: तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून वाटेल तिथं जात होतास, पण म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधून तुला नको तिथं नेईल. हे त्याच्या हुतात्मा होण्याविषयी होतं, तसं पुढच्याच वचनात लिहिलेलं आहे. तरीही म्हातारपणाचं इतकं अचूक वर्णन मला दुसरीकडं सापडलेलं नाही. आणि ते सांगून झाल्यावर लगेच प्रभू काय म्हणतो? ‘माझ्यामागे ये.’ पाय धुवून घ्यायला नकार देणाऱ्या माणसाला अखेर हात पुढं करून दुसऱ्याच्या स्वाधीन व्हायचं होतं आणि त्या वाटेवरही तो शिष्यच राहणार होता. वॉकर धरलेली बाई शिष्यपणातून निवृत्त होत नाही, ताई.

प्रभू स्वतः तरी कुठं कुणाचं काही न घेता जगला? लूक आठव्या अध्यायात सांगतो, मग्दालिया मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बायका आपल्या पैशाअडक्यानं त्याची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. म्हणजे त्याचं रोजचं जेवणखाण या बायकांच्या पदरच्या पैशातून चालत होतं. विहिरीवर तो दमून बसला आणि पाणी मागितलं ते एका शोमरोनी बाईकडं, जिच्या हातचं पाणी त्याच्या जातभाईंनी घेतलं नसतं. बेथानीत मरीयेनं त्याच्या पायांना सुगंधी तेल लावून आपल्या केसांनी पुसलं, तेव्हा यहूदा इस्कर्योतानं ही उधळपट्टी म्हणून नावं ठेवली, प्रभूनं मात्र पाय मागं घेतले नाहीत. लक्षात घ्या, हे योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे. शिष्यांचे पाय तो धुतो ते तेराव्यात. त्याचे पाय आधी एका बाईनं पुसले, मग तो दुसऱ्यांचे धुवायला उठला. शेवटी वधस्तंभ उचलायला कुरेनेकर शिमोन लागला आणि कबर मिळाली तीही अरिमथाईकर योसेफाची. आपण ज्याला देव म्हणतो तो पाळण्यात असताना आई मरीयेच्या हातचं न्हाला. मग दुसऱ्याच्या हातानं न्हाणं हलकं कसं?

तुमच्या पत्रात सून आहे, म्हणून बायबलमधलं रूथचं पुस्तक काढून पुन्हा वाचा. चारच अध्याय आहेत, तासाभरात होईल. आपण ते नेहमी रूथसाठी वाचतो, ‘तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव’. या खेपेला तिची सासू नामी हिच्यासाठी वाचा. परक्या मवाब देशात नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. बेथलेहेमात परत आल्यावर गावच्या बायका गोळा होतात आणि ती म्हणते, मी इथून भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी परत आणलं. ती हे बोलते तेव्हा रूथ कुठं असते? शेजारीच उभी. परक्या मुलखातली, स्वतः विधवा झालेली, सासूसाठी माहेर सोडून आलेली सून शेजारी उभी आहे आणि नामी म्हणते मी रिकामी आले! दुःखात माणसाला दिसत नाही, त्यात तिचा दोष काढू नये. पुढं रूथ सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते आणि पदरात बांधून आणते, त्यावर दोघींची चूल पेटते. नामी ते खाते. नको म्हणत नाही, वर तोंड फिरवत नाही. आणि शेवटी त्याच गावच्या बायका तिला म्हणतात, ही तुझी सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. नामीनं रूथच्या हातचं घेतलं नसतं तर त्या गोष्टीला दुसरा अध्यायच नसता.

आपल्या नाशिकची एक हकिकत या संदर्भात मला नेहमी आठवते. शरणपूरला 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलामुलींना पुढं तिथं ठेवलं, शाळेत घातलं, सुतारकी, लोहारकी शिकवली. ‘नाशिकची मुलं’ म्हणून ती आफ्रिकेत ओळखली जात. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या सफरीत यांतले काही त्याच्याबरोबर होते, जेकब वेनराइट त्यांतलाच. लिव्हिंग्स्टन आयुष्यभर पायी चाललेला माणूस, आफ्रिकेत शिरला तो तिथल्यांचं भलं करायला. 1873 च्या एप्रिलमध्ये त्याला चालवेना, घोड्यागाढवावर बसवेना. मग सोबतच्या आफ्रिकन माणसांनी झोळी बांधून त्याला खांद्यावर घेतलं. चिटांबोच्या गावात, आजच्या झांबियात, तो बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेला आढळला. जेकबनं त्या वेळी प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं आणि या माणसांनी तो देह कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा जेकब तिथं होता. ज्यांना सोडवायला म्हणून तो निघाला होता त्यांच्याच खांद्यावर त्याचा शेवटचा प्रवास झाला. त्यामुळं त्याच्या आधीच्या कामाला उणेपणा आला, असं आजवर कुणी म्हटलेलं मला माहीत नाही.

तुम्ही लिहिता, ‘मी फक्त देवावर अवलंबून राहीन, माणसांवर नको.’ इथं मात्र मी तुम्हाला अडवते. देवावर अवलंबून राहणं म्हणजे कुणाचीच गरज न लागणं असं पवित्र शास्त्रात कुठं आहे? एलीयाला ओढ्याकाठी कावळ्यांनी भाकर आणली आणि ओढा आटल्यावर देवानं त्याला धाडलं ते सारफथच्या एका विधवेकडं, जिच्या घरात मूठभर पीठ उरलं होतं. रोजची भाकर आज आम्हाला दे, असं आपण म्हणतो तेव्हा ती कुणीतरी पेरलेली, दळलेली, थापलेलीच असते. पौलानं गलतीकरांना लिहिलं, एकमेकांची ओझी वाहा, ख्रिस्ताचा नियम त्यानंच पुरा होतो. सगळ्यांनीच वाहायचं आणि आपलं कुणालाच द्यायचं नाही, असं ठरवलं तर तो नियम पाळायचा कुणी आणि कुणावर? तुमच्या घरात आज तो नियम पाळला जातो आहे, आणि त्यात तुमचाही भाग आहे.

आता रोजच्या गोष्टी. सून मदत करत असताना सूचना देणं थांबवा. पाणी जास्त गरम असेल तर जरूर सांगा, सोसत बसू नका. अंग झाकलेलं हवं असेल, दार लावलेलं हवं असेल तर तेही सांगा. नम्र माणसानं मुकं राहायचं नसतं. पण टॉवेलची घडी, साबण कुठल्या हातात, हे तिच्यावर सोडा. वॉर्डात नव्या सिस्टरला तुम्ही शिकवत होतात, इथं ती तुमच्या हाताखाली नाही. ‘माझ्यामुळं तुला त्रास’ हे रोजचं पालुपद बंद करा. त्यानं तिच्यावर दुहेरी काम पडतं, अंघोळही घालायची आणि समजूतही काढायची. त्याऐवजी ‘बरं वाटलं’ एवढं म्हणा.

लग्नाच्या वेळचं तुम्ही मला लिहिलंत. तिला कधी बोलला आहात? माझा अंदाज, नाही. तेव्हा बोला. लांबण लावू नका, कारणं सांगू नका. ‘तू आलीस तेव्हा मी तुला जवळ केलं नाही, माझं चुकलं’, इतकंच. तिनं लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा धरू नका. तिलाही काही साठलेलं असेल, ते निघालं तर ऐकून घ्या. पाय धुताना तुम्हाला मेल्यासारखं होतं, त्यातला मोठा भाग संकोचाचा नसून या न बोललेल्या गोष्टीचा असावा, असं मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं.

आणि मुलाला कामाला लावा. शिफ्ट कुणाला नसते? सुटीच्या दिवशी पाय धुणं, नखं काढणं, तेल लावणं त्यानं करावं. आईचे पाय धुवायला सूनच पाहिजे असा नियम प्रभूनं घालून दिलेला नाही, त्यानं तर पुरुषांना धुवायला सांगितलं. शिवाय पेन्शनमधून आठवड्यातले काही दिवस सकाळी एखादी मावशी लावता आली तर लावा. सुनेला तेवढीच उसंत. यात कमीपणा मानायचा नाही, तिच्यावरचं प्रेम असंही दाखवता येतं. संडासात भिंतीला धरायचा दांडा, घसरत नाही अशी चटई, रात्रीसाठी कमोडची खुर्ची, हे अजून झालं नसेल तर मुलाला याच आठवड्यात सांगा.

पाळकसाहेबांना स्वतः फोन करा, या म्हणा. घर आवरलेलं नाही, साडी नेसता येत नाही, गाऊनवर आहे, या सबबी नकोत. आजाऱ्याच्या खाटेपाशी प्रभुभोजन द्यायची पद्धत त्यासाठीच आहे. सून आणि मुलगाही बसू देत तिथं. मंडळातल्या बायकांनाही येऊ द्या, पण दोघी-दोघी आणि अर्धा तास, म्हणजे घरावर चहापाण्याचा ताण पडणार नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणी उद्या याच खाटेवर असणार आहेत. तुम्ही कशा आहात हे त्यांना बघू दे. तुम्ही नम्रतेवर केलेली भाषणं त्या विसरल्या असतील, हे विसरणार नाहीत.

रात्रीच्या प्रार्थनेत ‘ओझं करू नकोस’ च्या जागी दुसरं काय म्हणावं, हे मी शब्द घालून देणार नाही. सुनेचं नाव घेऊन सुरुवात करा, शब्द मिळतील.

एक मात्र आजपासूनच. खुबा एकदा मोडल्यावर दुसऱ्यांदा पडणं किती महागात जातं, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. रात्री लागली तर उठू नका. दिवा लावा आणि सुनेला हाक मारा. ती उठेपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहा.